जोडधंद्याची कमाई, इन्कम टॅक्स आणि शिक्षणाचं कर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं दर रविवारी मी आमच्या गावच्या वाचनालयात बसते आणि पोरापोरींचे रिटर्न, बँकेचे कागद पाहून देते. मी स्वतः कर्ज काढून इंजिनियरिंग केलं आणि ते कर्ज फेडलं. व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण या वर्षाचा रिटर्न जुन्या १९६१ च्या कायद्यानुसारच भरायचा आहे, म्हणून इथे जुनेच क्रमांक ठेवले आहेत.

१. ताई, जोडधंद्याचं उत्पन्न कशाला म्हणायचं? माझं तर महिन्याला पाच हजारच आहे.

नोकरी सोडून जे काही कमावता ते सगळं. शिकवणी, सेवा केंद्राचं कमिशन, विम्याची एजन्सी, लग्नाचे फोटो, दुसऱ्याच्या वावरात भाड्यानं चालवलेला ट्रॅक्टर, यूट्यूब, रात्री बसून केलेली डाटा एन्ट्री. महिन्याचे पाच हजार म्हणजे वर्षाचे साठ हजार झाले, आणि ते उत्पन्नच आहे. शिक्षणासाठी मिळालेली शिष्यवृत्ती करमुक्त असते. कर्जाची जी रक्कम बँकेनं कॉलेजला भरली किंवा तुमच्या खात्यात टाकली, तेही उत्पन्न नव्हे.

२. कितीपर्यंत कर लागत नाही?

नवी करप्रणाली आता आपोआप लागू असते. तिच्यात पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, आणि पुढे दर चढत जातात. एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंत सूट मिळते, म्हणून कर शून्य होतो. पगारदाराला त्याआधी ७५,००० ची प्रमाणित वजावटही मिळते.

अमरावतीत ४ लाख ८० हजार पगार आणि शिकवणीचे खर्च वजा जाता १ लाख २० हजार मिळवणाऱ्या मुलीचं करपात्र उत्पन्न ५ लाख २५ हजार होतं. तिला कर शून्य. मला प्रश्न पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकजण याच टप्प्यात आहेत आणि विनाकारण घाबरतात.

३. माझी जोडकमाई वाढली हे बँकेला कळलं तर हप्ता वाढेल का?

नाही. आपल्याकडे शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता मुद्दल, व्याजदर आणि मुदत यांवर ठरतो. तुम्ही किती कमावता याच्याशी त्याचा संबंध नाही. व्याजदर बदलता असेल तर दरामुळे हप्ता हलतो, एवढंच.

हा गोंधळ परदेशी व्हिडिओंमुळे होतो. ब्रिटनमध्ये सरकारी विद्यार्थी कर्जाची परतफेड उत्पन्नाला बांधलेली असते. ठरलेल्या मर्यादेवरच्या कमाईतून, बहुतेक योजनांत ९ टक्के, करखात्यामार्फतच कापले जातात आणि जोडकमाई रिटर्नमध्ये दाखवली की तिच्यावरही परतफेड लागते. आपल्याकडे इन्कम टॅक्स खातं कर्जाची वसुली करत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे. तिकडे कमाई थांबली की हप्ता थांबतो, आपल्याकडे पाऊस दगा देवो की नोकरी जावो, हप्ता सुरूच राहतो (प्रश्न १४ पाहा).

४. आमच्याकडे वावर आहे. शेतीचे पैसे, दूध, शेळ्या हे सगळं शेतीतच धरायचं ना?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. वावरातल्या कापूस, सोयाबीन, तुरीचा चुकारा शेतीचं उत्पन्न, करमुक्त. वावर मक्त्यानं दिलं तर त्याचे पैसेही शेतीचंच उत्पन्न, आणि रोपवाटिकेतली रोपं विकली तर तेही. पण दूध, शेळीपालन, कोंबड्या, मासोळी हा कायद्याच्या नजरेत धंदा आहे. चारा आपल्याच धुऱ्यावरचा असला तरी.

वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा बहार झाडावरच ठोक्यानं विकतात. बगीचा ज्या कास्तकाराचा, त्याचं ते शेतीचं उत्पन्न. पण तुम्ही बहार विकत घेऊन माल नागपूरला नेला, तर तुमचा नफा व्यापाराचा झाला.

दुसरी गोष्ट, करमुक्त म्हणजे लपवायचं असं नव्हे. शेतीचं निव्वळ उत्पन्न ५,००० च्या वर आणि बाकीचं उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न मिळवतात. समजा पगार वगैरे मिळून करपात्र उत्पन्न १३ लाख आणि तुमच्या नावच्या वावराचं ३ लाख. आधी १६ लाखांवरचा कर काढायचा, तो येतो १,२०,०००. मग ३ लाखांत मूळ सूट ४ लाख मिळवून ७ लाखांवरचा कर काढायचा, १५,०००. फरक १,०५,०००. पण १२ लाखांवरची जास्तीची रक्कम १ लाखच आहे आणि कर तिच्यापेक्षा अधिक घेत नाहीत (प्रश्न ११ पाहा), म्हणून तुमचा कर १,००,०००, वर ४ टक्के उपकर (सेस). शेती नसती तर तो ७५,००० असता. बाकीचं उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ८७ए ची सूट मिळतेच, कारण ती मर्यादा मोजताना शेती धरत नाहीत. पण सूट ६०,००० पर्यंतच असते, म्हणून शेती मिळवून कर त्यापेक्षा जास्त निघाला तर वरचा भरावा लागतो.

हे सगळं सातबारा ज्याच्या नावावर त्याचं. वडिलांच्या नावचं वावर तुमच्या रिटर्नमध्ये येत नाही.

५. कर लागतच नाही, मग रिटर्न कशाला भरू?

मूळ सूट ४ लाखांची आहे. १२ लाखांपर्यंत कर शून्य होतो तो सवलतीमुळे, आणि ती रिटर्नमध्ये मागावी लागते. उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरणं बंधनकारक आहे, कर शून्य असला तरी.

४ लाखांच्या आत असाल तरी भरा. मागच्या पावसाळ्यात सेवा केंद्र चालवणारा एक मुलगा माझ्यासमोर बसून मोबाइलवर वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, पहिल्यांदाच पाहत होता. वर्षाचं कमिशन १ लाख ४० हजार आणि त्यातून आधीच २ टक्क्यांनी कापलेला कर, म्हणजे टीडीएस, २,८०० रुपये. हे पैसे त्याचेच होते. रिटर्न भरला नसता तर सरकारजमाच राहिले असते. त्याने तो स्क्रीन दोनदा वरखाली केला आणि विचारलं, "मागच्या वर्षीचेही असेच असतील का?" होते. आणि मुदत गेली होती.

मुदत साधारण ३१ जुलै, ऑडिट न लागणाऱ्या धंद्याचं उत्पन्न असेल तर ३१ ऑगस्ट. ती चुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिरा भरता येतो. उत्पन्न मूळ सुटीच्या वर असेल तर १,००० रुपये आणि ५ लाखांच्या वर असेल तर ५,००० रुपये विलंब शुल्क लागतं. पॅन दिलेलं नसलं की टीडीएस बहुतेक वेळा २० टक्क्यांनी कापतात, म्हणून काम घेतानाच पॅन द्या.

६. मी रिटर्न भरला तर बाबांचे पीएम किसानचे पैसे बंद होतील, असं गावात म्हणतात.

पीएम किसानच्या नियमात मागच्या कर निर्धारण वर्षात ज्याने आयकर *भरला* तो अपात्र आहे. रिटर्न भरणं वेगळं आणि कर भरणं वेगळं. शिवाय तिथे कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अल्पवयीन मुलं. सज्ञान मुलानं कर भरला म्हणून बापाचा हप्ता जात नाही. वावर तुमच्याच नावावर असेल आणि तुम्हीच कर भरत असाल, तर तुमचा हक्क जातो.

लाडकी बहीण योजनेत अविवाहित मुलंही कुटुंबात धरली आहेत आणि कुटुंबात आयकरदाता असेल तर आई अपात्र ठरते. तिथेही शब्द आयकरदाता असाच आहे.

७. अजून शिकतोय. शिकवणीतून महिन्याला हजार-दोन हजार उरतात. हप्ता सुरू व्हायला वेळ आहे, मग आत्ता बँकेत भरून काय फायदा?

हा प्रश्न मला कुणी माझ्या शिकण्याच्या काळात समजावायला हवा होता.

शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. त्या काळात ते सरळव्याज असतं आणि शेवटी मुद्दलात जमा होतं. चार वर्षांच्या कोर्सला दर वर्षी १ लाख उचलले आणि दर १० टक्के धरला तर पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,००० आणि २०,०००. एकूण १ लाख ४० हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा तुमच्या डोक्यावर ४ लाख नाहीत, ५ लाख ४० हजार असतात. दहा वर्षांच्या मुदतीत ४ लाखांचा हप्ता सुमारे ५,३०० पडला असता, तो पडतो सुमारे ७,१००.

पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला फक्त ८३३ रुपये असतं. दोन पोरांच्या शिकवणीत ते निघतं. शिक्षण सुरू असतानाच व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात १ टक्का सवलत देतात, शाखेत विचारा. मात्र आधी प्रश्न ८ वाचा. व्याज सरकारच भरणार असेल तर तुमचे पैसे तिथे घालू नका.

८. व्याज सरकार भरतं म्हणे. ते कुणाला?

केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. आई-वडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत व्यावसायिक किंवा तांत्रिक शिक्षण घेत असाल, तर शिक्षणाचा काळ आणि पुढचं एक वर्ष यांचं व्याज सरकार देतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्यात ठरावीक नामांकित संस्थांसाठी, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत आहे. राज्याच्या मागासवर्गीय महामंडळांच्याही व्याज परताव्याच्या योजना आहेत. जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

माझ्या बाबतीत शाखेनं हे सांगितलंच नाही. तिसऱ्या वर्षी पासबुक भरून आणलं, त्यात मुद्दलाखाली व्याजाची ओळ दर महिन्याला वाढत गेलेली दिसली. वर्गातल्या मैत्रिणीच्या पासबुकात तीच ओळ अनुदानानं वजा झाली होती. फरक एका कागदाचा होता, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. तिच्या वडिलांनी तो दिला होता. माझ्या वडिलांकडे कुणी मागितला नव्हता. म्हणून सांगते, दाखला स्वतःहून द्या, त्याची पोच घ्या आणि अनुदान जमा झालं का हे पासबुकात पाहा. लेखी तक्रारीला बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते.

९. कर्जाच्या हप्त्यावर करात सूट मिळते ना?

हप्त्यावर नाही, हप्त्यातल्या व्याजावर. कलम ८०ई. रकमेला मर्यादा नाही, पण ही वजावट फक्त जुन्या करप्रणालीत, म्हणजे मुद्दाम निवडावी लागते तिच्यात, आहे. कर्ज स्वतःच्या, नवरा-बायकोच्या किंवा मुलांच्या शिक्षणासाठी, आणि बँकेचं किंवा मान्य वित्तसंस्थेचं हवं. गावच्या पतसंस्थेचं, सावकाराचं किंवा मामाकडून घेतलेलं कर्ज चालत नाही. बँकेकडून व्याजाचा दाखला दर वर्षी घ्या.

वजावट आठ वर्षांपुरती असते आणि ती वर्षं तुम्ही पहिल्यांदा व्याज भरलं त्या वर्षापासून मोजतात. म्हणजे शिकत असताना व्याज भरायला लागलात तर घड्याळ तेव्हाच सुरू झालं. तरीही आधी भरणंच मला बरं वाटतं, कारण बहुतेकांना नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं कर लागतच नाही.

१०. हप्ता बाबा भरतात, कर्ज माझ्या नावावर आहे. ८०ई कुणाला?

ज्याने स्वतःच्या *करपात्र* उत्पन्नातून व्याज भरलं त्याला. बाबांची सगळी कमाई शेतीची असेल तर त्यांना याचा काहीच उपयोग नाही, कारण त्यांचं उत्पन्न करमुक्तच आहे. तुम्ही नोकरीला लागला असाल तर हप्ता तुमच्या खात्यातून वळता करा. तुम्ही बाबांच्या खात्यात पैसे टाकता आणि हप्ता तिथून जातो, अशी रचना असेल तर व्याज कुणी भरलं हे कागदावर सिद्ध करणं जड जातं.

११. पुण्यात पगार साडेबारा लाख. शेतीच्या यूट्यूब चॅनेलचे वर्षाला एक लाख मिळाले. मित्र म्हणतो दाखवू नको.

पगारातून ७५,००० वजा केले की ११ लाख ७५ हजार. एवढ्यावर कर शून्य. त्यात १ लाख मिळवले की १२ लाख ७५ हजार, आणि सूट गेली. कर ७१,२५० आणि उपकर धरून ७४,१००. एका लाखातले पाऊण लाख गेले. हे ऐकून पोटात गोळा येतो हे मला कळतं, पण लपवणं हा उपाय नाही. परदेशी कंपनीचा पैसाही बँकेतूनच येतो.

उपाय वेगळे आहेत. चॅनेलचा खरा खर्च वजा करा, जसं माइक, इंटरनेट, शूटिंगसाठी वावरा-वावरात फिरलेलं पेट्रोल. खर्च ४०,००० निघाला तर उत्पन्न १२ लाख ३५ हजार होतं. १२ लाखांवर थोडंच जास्त असेल तर कर त्या जास्तीच्या रकमेपेक्षा अधिक घेत नाहीत, म्हणून तो ३५,०००, उपकरासह ३६,४००. कंपनी तुमच्या एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) खात्यात भरत असलेला वाटा नव्या प्रणालीतही वजा होतो, तेही एचआरला विचारा.

८०ई साठी जुन्या प्रणालीत जाऊ का, हा याच मुलाचा पुढचा प्रश्न होता. खर्च न धरता, व्याज ४५,००० आणि ८०सी चे (पीएफ, विमा वगैरे बचतीच्या वजावटीचे) पूर्ण दीड लाख घेऊनही जुन्या प्रणालीत कर उपकरासह १,४९,७६० येतो. घरभाड्याची मोठी वजावट असेल तर पुन्हा मांडून पाहा. पण केवळ ८०ई साठी जुनी प्रणाली घेण्यात फायदा असलेलं उदाहरण माझ्याकडे आजवर आलेलं नाही.

१२. कोणता फॉर्म? आणि प्रणाली दर वर्षी बदलता येते का?

पगार आणि बँकेचं व्याज एवढंच असेल तर आयटीआर-१. धंद्याचं उत्पन्न आलं की तो चालत नाही. डेअरी किंवा दुकान असेल तर कलम ४४एडी खाली उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा दाखवून आयटीआर-४ भरता येतो. बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. वर्षभरात दुधाचे ६ लाख खात्यात आले तर ३६,००० नफा. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवा. कमिशनच्या कमाईला, म्हणजे विमा एजंट वगैरेंना, ४४एडी लागू नाही. त्यांनी खर्चाचा हिशेब ठेवून आयटीआर-३ भरायचा. शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ आणि ४ दोन्ही बाद.

फक्त पगारदार असाल तर प्रणाली दर वर्षी निवडता येते, पण जुनी हवी असेल तर रिटर्न मुदतीतच भरावा लागतो. धंद्याचं उत्पन्न असलेल्याला जुनीत जायला फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि एकदा जुनीतून नवीत परतलं की धंदा असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.

१३. फोनपेवर आलेला प्रत्येक पैसा उत्पन्न धरतात का?

नाही. आईनं पाठवलेले, मित्रानं परत केलेले पैसे उत्पन्न नाहीत. नातेवाइकांकडून आलेली भेट करमुक्त आहे. बाहेरच्यांकडून वर्षात एकूण ५०,००० च्या वर भेट आली तर ती सगळी करपात्र होते. कामाचे पैसे वेगळ्या खात्यावर घ्या, म्हणजे मार्चमध्ये डोकं खाजवावं लागत नाही. रोखीनं घेतलेले पैसेही उत्पन्नच आहेत.

१४. नोकरी गेली, हप्ते थकले. कर्जमाफीत शिक्षणाचं कर्ज बसेल का?

बसत नाही. २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, दोन्ही शेतीच्या कर्जासाठी होत्या. पुढच्या माफीची वाट पाहत हप्ता थांबवलेली पोरं मी पाहिली आहेत. प्रत्येकाचं व्याज वाढलं.

हप्ता ९० दिवसांच्या वर थकला की खातं अनुत्पादित (एनपीए), म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, होतं. या कर्जात वडील सहकर्जदार असतात, त्यामुळे थकबाकी त्यांच्याही सिबिलवर चढते आणि पेरणीच्या तोंडावर पीककर्ज मागायला ते शाखेत गेले की तीच नोंद मॅनेजरसमोर असते. म्हणून पहिला हप्ता चुकण्याआधी शाखेत लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून हप्ता कमी करायला किंवा काही महिने सवलत मागायला. अर्ज तोंडी नको, पोच घेऊन. तोवर जोडधंद्यातून जे जमेल ते भरत राहा.

१५. कर्ज लवकर फेडलं तर दंड लागतो का?

दर बदलता असेल तर नाही. रिझर्व्ह बँकेनं वैयक्तिक कर्जदाराच्या अशा कर्जावर मुदतपूर्व फेडीचं शुल्क घ्यायला मनाई केली आहे. दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले की एकरकमी भरा, आणि ती रक्कम मुद्दलात वळती करा असं लिहून द्या.

१६. आगाऊ कर म्हणजे काय?

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर तो वर्षातच हप्त्यांनी भरायचा असतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. ४४एडी वाल्यांनी एकदाच, १५ मार्चपर्यंत. नोकरदारानं जोडकमाई कंपनीला कळवली तर ती पगारातूनच कापून घेते. प्रश्न ११ मधल्या मुलानं तेच केलं.

१७. मी शाळेत शिक्षिका आहे. घरी शिकवणी घेते, ते रिटर्नमध्ये दाखवलं तर अडचण येईल का?

करकायदा उत्पन्न कुठून आलं यावर सूट देत नाही, ते दाखवावंच लागेल. पण शिक्षण हक्क कायद्याचं कलम २८ शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला मनाई करतं. अडचण रिटर्नची नसून शिकवणीची आहे. सरकारी नोकरीतल्या इतरांनीही जोडधंद्याआधी सेवानियमांतली परवानगी पाहावी.

१८. आम्ही गडचिरोलीचे, अनुसूचित जमातीचे. आमच्या कमाईवर कर नसतो असं ऐकलं.

ती सवलत कलम १०(२६) ची आहे आणि ती ईशान्येकडील ठरावीक भाग आणि लडाखमध्ये राहणाऱ्या अनुसूचित जमातींपुरतीच आहे. गडचिरोली, मेळघाटला लागू नाही. मोहफूल, तेंदूपत्ता हे जंगलात आपोआप येतं, त्यामागे मशागत नसते, म्हणून ते शेतीचं उत्पन्नही ठरत नाही. मात्र बहुतेक घरांची वर्षाची कमाई प्रश्न २ मधल्या ४ लाखांच्या आतच असते, तेव्हा कर लागत नाही.

१९. शेअर्समध्ये आणि ऑनलाइन गेममध्ये थोडे जिंकलो. ते १२ लाखांच्या आतच आहे.

गेमच्या जिंकलेल्या निव्वळ रकमेवर सरळ ३० टक्के, उपकर वेगळा. मूळ सूट नाही, ८७ए नाही. शेअर्स वर्षाच्या आत विकून झालेल्या नफ्यावर २० टक्के, त्यालाही नव्या प्रणालीत ८७ए मिळत नाही. मात्र बाकीचं उत्पन्न ४ लाखांपेक्षा कमी असेल तर उरलेली मूळ सूट या नफ्याला लावता येते. फ्युचर्स-ऑप्शन्स हा धंदा धरतात, म्हणजे आयटीआर-३, तोटा झाला असला तरी. शिक्षणाच्या कर्जातून उरलेले पैसे तिथे लावलेल्या दोन मुलांचे कागद मी पाहिले आहेत. दोघांच्याही बापांच्या सह्या त्या कर्जावर आहेत.